अंतरपाटाआडची मालगाडी

आमच्या घरातली वाक्यं दोन भागांत बोलली जातात. पहिला भाग गाडी यायच्या आधी, दुसरा गाडी गेल्यावर. मधे काय होतं ते सांगता येणार नाही, कारण तेवढा वेळ आम्ही नसतो.

घर सीपरी बाजारच्या मागच्या अंगाला आहे, रुळांपासून एका भिंतीच्या अंतरावर. माझे बाबा गोविंदराव मालगाडीवर गार्ड होते. भुसावळहून बदली होऊन झाशीला आले आणि इथंच रिटायर झाले. तेव्हा खंडेराव गेटजवळ एक छान शांत घर मिळत होतं. बाबा घरमालकाला विचारून तिथं दुपारचं झोपून पाहायला गेले आणि थोड्या वेळानं चपला हातात घेऊन परत आले. म्हणाले, घर चांगलं आहे, पण काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतं, डोळा लागत नाही. म्हणून मग हे घर.

गाडी आली की बोलणारा जिथं असेल तिथं थांबतो. आईची पळी कढईवर थांबते. गाडी गेली की पुढचा शब्द निघतो, त्याच सुरात. भांडणंसुद्धा अशीच चालतात. ‘थांब, गाडी येतेय’ असं कोणी कोणाला सांगत नाही, कारण गाडी येतेय हे कोणाला कळतच नाही. असं काही होतं हेसुद्धा आम्हाला बाहेरच्या माणसांनी सांगितलं.

मागच्या वर्षी मला बघायला ग्वाल्हेरची मंडळी आली होती. मुलाच्या आईनं विचारलं, स्वयंपाकात काय काय येतं, आणि तेवढ्यात कोळशाची मालगाडी आली. आम्ही चौघंही जागच्या जागी गप्प. पोह्यांची बशी माझ्या हातात, अर्ध्या वाटेवर. मालगाडी लांब होती. ती गेल्यावर मी ‘सगळं’ म्हणाले, पण तोवर मंडळी चपला घालत होती. आम्हाला प्रश्न मनाला लागला, असं त्यांना वाटलं असावं. पोहे आम्हीच खाल्ले.

अशा घरात वाढून माझ्या मोठ्या भावानं, श्रीकृष्णदादानं, स्पीकरचं दुकान काढलं. माशानं छत्र्यांचं दुकान काढावं तसं, असं मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं.

दुकान सीपरी बाजारातच आहे, एका बाजूला मिठाईवाला, दुसऱ्या बाजूला चपला. शटर वर केलं की आत दोन गिऱ्हाइकं उभी राहतात. तिसरं आलं तर ते मिठाई घेऊन जातं. महागाचं काही नाही, साध्या माणसाला परवडेल असाच माल. त्यात दोन जाती. एक म्हणजे डबा. सगळं एकाच पोटात, मोबाईलला जोडला की गातो, वर उचलायला कडी, समोर रंगीत दिवे. दुसरी म्हणजे जोडी. दोन लाकडी पेट्या, मधे एक छोटं मशीन आणि तारा. हिला बुकशेल्फ स्पीकर म्हणतात. गिऱ्हाईक विचारतं, ‘भैया, बुकशेल्फ साथ में मिलेगा?’ दादा नाही म्हणतो. मग गिऱ्हाईक डब्याकडे वळतं आणि त्यात लाइट किती रंगांची लागते ते विचारतं.

दादाचं म्हणणं असं की त्याच पैशात जोडी कितीतरी खरं ऐकवते. डोळे मिटले की गाणारी बाई कुठं बसलीय, तबला तिच्या कुठल्या हाताला आहे, सगळं कळतं. तबला कुठल्या हाताला आहे हे कळून आपण काय करायचं, असं मी विचारल्यावर तो त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. दुकानात डबे येत होते आणि जात होते. जोड्या शेल्फवर होत्या. म्हणजे बुकशेल्फ स्पीकरना शेल्फ मिळालं होतं, पण आमचंच.

दुकान चालत नाही याचं बाबांना फार वाईट वाटत नव्हतं. त्यांची शंका वेगळीच होती. दादा जो फरक विकतो तो मुळात आहे का, अशी. जेवताना एकदा त्यांनी ती सरळ काढली.

‘लाल आणि हिरवा यातला फरक मला कोणी समजावून सांगितला नव्हता,’ ते म्हणाले. ‘दिसत होता. तुझा फरक ऐकू येतो म्हणतोस ना, मग मला ऐकव. पडद्याआडून. आला ऐकू, तर दुकान तुझं, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही आला, तर शटर ओढायचं आणि रेल्वेच्या परीक्षेला बसायचं.’

क्लासवाल्याशी त्यांचं बोलणंही झालं होतं. दादानं मान डोलावली आणि भातावर ताक समजून डाळ घेतली. रेल्वेच्या परीक्षेला तो याआधी एकदा बसला होता. त्या अभ्यासात त्याचे पुढचे केस गेले आणि उत्तरपत्रिकेत त्यानं दोन स्टेशनांची अदलाबदल केली. तो रेल्वेत लागला असता तर कोणाचंच काही बिघडलं नसतं, रेल्वे सोडून. पण दुकान हे एकच काम आहे जे तो सकाळी न सांगता उठून करतो. त्यामुळे आई आणि मी, न बोलता, दुकानाच्या बाजूनं होतो.

बाबा मात्र कोणाच्याच बाजूनं नव्हते. हे त्यांचं एक आहे. परीक्षा ठरली म्हटल्यावर त्यांनी कानांची तयारी सुरू केली. आईचे दोन्ही कुकर शेजारी शेजारी लावून शिट्ट्या ऐकल्या. फ्रिजला आधी डावा कान लावला, मग उजवा. पितळी वाटी आणि स्टीलची वाटी चमच्यानं वाजवून, मला पाठ करून उभं करून, कुठली कुठली ते तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा चुकले आणि मला पहिल्यांदाच प्रश्न पडला की कान नक्की करतात तरी काय. मग मीही घरभर टकटक करत फिरू लागले. घरात एकाला वेड होतं तेच बरं होतं, असं आई म्हणाली, आणि नंतर ती जुनी आणि नवी परात आलटून पालटून वाजवताना सापडली.

बाबांनी एक अट घातली. गाणं त्यांना कळत नाही. लोक चांगलं म्हणतात तिथं तेही म्हणतात. तेव्हा निदान एक आवाज त्यांच्या ओळखीचा हवा. तो कुठला, हे विचारायची गरज नव्हती. जन्मभर ते जिच्या शेवटच्या डब्यात बसले त्या मालगाडीचा.

झाशी स्टेशनजवळ गाडीपेक्षा घोषणा जास्त ऐकू येतात, म्हणून आम्ही तिघं कानपूरच्या वाटेवरच्या मोठ या गावी गेलो. दादाकडे आवाज टिपायचं एक छोटं यंत्र आहे, दोन कान असलेलं. मंडी मागं टाकून, मटारच्या ट्रॉल्या जाऊ देत, एका शेताच्या बांधावर आम्ही रुळांकडे तोंड करून उभे राहिलो. डाव्या हाताला झाशी, उजव्या हाताला कानपूर. दादानं यंत्र छातीशी धरलं. बाबांनी पिशवीतून हिरवी झेंडी काढली. रिटायर होताना खऱ्या झेंड्या जमा कराव्या लागल्या, म्हणून त्यांनी आईकडून एक हिरवी आणि एक लाल अशा दोन घरी शिवून घेतल्या आहेत. कुठं जाताना बरोबर असलेल्या बऱ्या, असं त्यांचं मत आहे.

झाशीकडून मालगाडी आली. डावीकडून उजवीकडे, धडधडत, कानपूरच्या दिशेनं. बाबा ताठ उभे राहून हिरवी दाखवत होते. शेवटच्या डब्यातल्या गार्डनं बांधावर कोण उभं आहे हे न बघता आपलीही हिरवी दाखवली. बाबा अख्ख्या परतीच्या वाटेवर खुशीत होते. मला गाडी दिसली. ऐकली का, ते आठवत नाही.

परीक्षेला पंच म्हणून बबीनाहून यमुनाआत्या आली. ती बाबांची धाकटी बहीण, त्यांना अण्णा म्हणते. तिचे यजमान सुभेदार जयसिंगराव फौजेतून निवृत्त होऊन तिथंच, छावणीला लागून राहतात. पंच घरचा नको आणि रेल्वेचा तर नकोच, म्हणून फौजेच्या घरातली. बाजार बंद असतो तो दिवस होता. आत्यानं येताना सोलायचे मटार आणले होते, कारण तिला नुसतं बसता येत नाही.

आमच्याकडे पुस्तकांचं कपाट नाही. दादानं जोडीतली एक पेटी लोखंडी कपाटाशेजारी शिलाई मशीनवर ठेवली, ती डावीकडची. दुसरी स्वयंपाकघराच्या दाराशी तांदळाच्या डब्यावर, ती उजवीकडची. शिलाई मशीन उंच आणि तांदूळ बुटका निघाला. तेव्हा तांदळाच्या डब्यावर बाबांची रेल्वेच्या नियमांची दोन जाडजूड पुस्तकं ठेवली आणि बुकशेल्फ स्पीकरला आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकं लाभली. डबा मधोमध टिपॉयवर. बाबांची खुर्ची दोन्ही पेट्यांपासून सारखी लांब हवी, म्हणून दादानं दोऱ्यानं मापून फरशीवर रांगोळीचा ठिपका काढला. आईला नुसता ठिपका बघवेना. तिनं त्याचं कमळ केलं. बाबांची खुर्ची कमळावर आली.

पडद्यासाठी आईनं जुन्या ट्रंकेतून अंतरपाट काढला, तिच्या आणि बाबांच्या लग्नातला, कुंकवाच्या स्वस्तिकाचा. पातळ सुती कापड आवाज अडवत नाही, असं दादा म्हणाला. डावीकडचं टोक मी धरलं, उजवीकडचं आईनं. पलीकडे दादा आणि यंत्रं, अलीकडे कमळावर बाबा. गार्डाची शिट्टी त्यांच्या गळ्यात होती. चाळीस वर्षांनी पुन्हा त्याच अंतरपाटासमोर बसल्यावर बाबा जरा सावरून बसले आणि आईनं उगाच पदर नीट केला.

बाबांनी शिट्टी वाजवली. दादानं नंबर एक लावला. तो डबा आहे हे आम्हाला दिसत होतं, बाबांना नाही. भजन सुरू झालं. दुसऱ्या ओळीला खोलवर धप्प असा आवाज झाला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. बाबांच्या भुवया वर गेल्या.

‘याचा खालचा आवाज चांगला आहे,’ ते म्हणाले.

दादानं डब्याकडे पाहिलं. डबा शाळेच्या टिफिनएवढा होता. दादानं त्याला वाकून कान लावला. आपण विकतो तो माल आपल्याला माहीतच नाही की काय, असा त्याचा चेहरा झाला.

मग नंबर दोन, म्हणजे जोडी. तेच भजन. झांजा खरोखरच जरा बाजूला बसल्यासारख्या वाटल्या, मृदंग आतल्या अंगाला गेला. मला तरी वाटलं. पण धप्प काही झालं नाही, आणि बाबा म्हणाले, हा थोडा कमी पडतो. भजन संपलं. सगळं बंद झालं. आणि पुन्हा धप्प झालं. मांडणीतले पेले किणकिणले.

नंबर एक चालूच राहिलाय, तो बंद कर, असं बाबांनी सांगितलं. दादानं अंतरपाटावरून डोकं वर काढलं आणि सांगितलं की सगळं बंद आहे, बबीनाला तोफा चालल्यात.

‘कुठं?’ आत्यानं विचारलं.

आम्ही वाट पाहिली. तिसरा धप्प आला. आम्ही चौघांनी आत्याकडे पाहिलं. ती मटारच्या शेंगेतली अळी बघत होती. बबीनाला रणगाड्यांचा सराव जवळजवळ तिच्या अंगणात चालतो. तोफेचा आवाज तिला तीस वर्षांत आला नव्हता आणि आजही आला नाही. आम्ही का दचकतोय, हे तिनं दोनदा विचारलं. बाबांनी पंचाकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं आणि ही फेरी बाद केली.

दुसरी फेरी गाण्याची झाली. बाबांनी डोळे मिटून दोन्ही ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की दोन्ही चांगली वाटतात, का ते सांगता येत नाही. प्रामाणिकपणाचा इतका त्रास मी आधी पाहिला नव्हता. अंतरपाटापलीकडे दादाच्या कपाळावर घाम होता. आता उरली होती ती मालगाडी.

डब्यावर मालगाडी लागली. ती वाजत असताना बाबा बोलत राहिले. ‘गाडी आहे,’ ते म्हणाले, ‘आवाज ओळखीचा आहे. पण ही टिपॉयवर उभी आहे. जात नाहीये कुठं.’ गाडी संपेपर्यंत ते बोलत होते. आई मला म्हणत होती की टोक जरा वर धर. मी म्हणत होते की वरच आहे.

मग दादानं जोडीवर तीच गाडी लावायला घेतली. बाबा म्हणाले, ‘आता दुसऱ्या नंबरवर जर तू हीच गाडी लावणार असशील, तर लाव लवकर. किती वेळ लावतोस?’

मला विचाराल तर एवढंच झालं. आईला विचाराल तर तिचंही हेच. दादानं मोबाईल पाहिला. मोबाईल म्हणत होता की गाडी वाजून संपली. पण दादाही याच घरातला. त्यालाही काही ऐकू आलं नव्हतं. त्याला वाटलं जोडी ऐनवेळी मुकी झाली. त्यानं घाबरून जोडीच्या छोट्या मशीनच्या मागच्या चारही तारा उपटल्या, फुंकर मारली आणि परत खोचल्या.

आत्यानं मटारचं ताट खाली ठेवलं होतं.

‘अण्णा,’ ती म्हणाली, ‘आत्ता तुझ्या घरातून मालगाडी गेली.’

मग तिनं सांगितलं ते असं. बाबा ‘असशील’ या शब्दावर थांबले. गाडी लोखंडी कपाटाकडून निघाली, आमच्या सगळ्यांच्या नाकासमोरून धडधडत स्वयंपाकघरात गेली आणि तिथं लांब लांब जात विरली. तेवढा वेळ आम्ही चौघं देवळातल्या मूर्तींसारखे. आईचा एक हात अंतरपाटाला, दुसरा नाकाशी, खाजवायच्या बेतात, तसाच. गाडी गेल्यावर आईनं नाक खाजवलं आणि बाबा ‘तर’ म्हणाले.

बाबांचं म्हणणं, ती खरी असेल, भिंतीपलीकडची. आत्याचं म्हणणं, भिंत तिच्या पाठीशी आहे आणि ही तोंडासमोरून गेली. मालगाडीला वेळापत्रक नसतं, त्यामुळे घड्याळ पाहून उपयोग नव्हता. बाबा उठले, चपला घातल्या आणि बघायला गेले. आम्ही अंतरपाट धरून उभ्या. थोड्या वेळानं ते परत आले. रुळांच्या मधोमध एक कुत्रं चारी पाय वर करून झोपलं होतं, आणि ते बऱ्याच वेळापासून झोपलेलं होतं.

‘गाडी गेलेली नाही,’ बाबा म्हणाले. ‘बाहेरून तरी.’

ते परत कमळावर बसले आणि घरात सगळे गप्प झाले. या वेळी मात्र गाडीमुळे नाही. काय झालं होतं ते एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. डबा वाजला तेव्हा आम्ही खुशाल गप्पा मारत होतो, कारण तो डबा होता. जोडी इतकी खरी वाजली की घरातल्या कोणालाच ऐकू आली नाही. याहून चांगला स्पीकर सीपरी बाजारात मिळणार नव्हता. आणि नेमकं त्यामुळेच दादाचं दुकान बंद होणार होतं, कारण अट होती बाबांना ऐकू येण्याची.

दादा अंतरपाटाखालून बाहेर आला आणि फरशीवर बसला. आम्ही थांबलो हाच पुरावा नाही का, असं त्यानं विचारलं. बाबांनी बराच विचार केला. त्यांना दादाचं पटत होतं, हे दिसत होतं. पण ते म्हणाले, मी ऐकून सांगेन असं ठरलं होतं. मी ऐकलेलं नाही. न ऐकलेल्यावर सही कशी करू.

आईनं अंतरपाटाचं टोक आत्याच्या हातात दिलं.

‘ड्युटीवर असताना शेजारून गाडी गेली तर ऐकायचात का?’ तिनं बाबांना विचारलं.

ड्युटीवर ऐकावंच लागतं, बाबा म्हणाले. शेजारची गाडी कान देऊन ऐकायची, डोळे ताणून बघायची. चाक तापलंय का, काही लोंबतंय का. सगळं ठीक असेल तर हिरवी, नसेल तर लाल. तेवढ्यासाठी तर गार्ड असतो.

आई आत गेली आणि दोन्ही झेंड्या घेऊन आली.

‘मग या ड्युटीवर,’ ती म्हणाली.

बाबांनी झेंड्या घेतल्या. खुर्ची मागं सारली. शर्टाचं वरचं बटण लावलं. कमळावर उभे राहिले, उजव्या हातात हिरवी, डाव्या हातात गुंडाळलेली लाल. त्यांच्या चेहऱ्यावर मी लहान असताना जेवणाचा डबा घेऊन स्टेशनवर गेले की दिसायचा तो चेहरा आला, ज्यात मी त्यांची कोणी नसायचे. त्यांनी शिट्टी वाजवली. दादा अंतरपाटाआड गेला.

गाडी मला ऐकू आली नाही. पण या वेळी मी आधीपासून बाबांवर डोळे लावून होते, त्यामुळे बघणं चालू राहिलं. ते मोठला उभे होते तसेच उभे, नजर डावीकडे, लोखंडी कपाटाकडे, हिरवी तयार. एकदम त्यांचे कान मागं गेल्यासारखे झाले. मान झटक्यानं उजवीकडे वळली, स्वयंपाकघराकडे. कपाळाला आठी पडली. हिरवी खाली गेली. आणि डाव्या हातातली लाल झेंडी उघडून त्यांनी ती अंतरपाटासमोर धरली आणि जोरजोरात हलवू लागले.

गाडी संपल्यावर दादानं वरून डोकं काढलं. त्याला लाल दिसली. त्यानं मोबाईल बंद केला आणि आता सरळ क्लासला जाऊन बसावं अशा बेतानं बाहेर आला. काय झालं, एवढंच त्यानं विचारलं.

‘ही उलटी आली,’ बाबा म्हणाले. ‘मोठला झाशी डाव्या हाताला होती. गाडी झाशीहून कानपूरला चालली होती. ही स्वयंपाकघरातून आली. ही कानपूरहून येतेय.’

आत्यानं हरकत घेतली. मघाशी गाडी कपाटाकडून आली होती, तिनं स्वतः ऐकलं होतं. बाबांनी सांगितलं की मघाचं त्यांना माहीत नाही, आत्ताची कानपूरहून आली, आणि झेंडी हातात असताना ते चुकत नाहीत. बहीणभावांची जरा जुंपली. लहानपणी चिंचेच्या झाडावरून कोण कोणत्या बाजूनं पडलं इथपर्यंत ती गेली. दादा मात्र छोट्या मशीनच्या मागं जाऊन वाकून बसला होता. एकेक तार तो बोटानं मागं मागं नेत होता.

मग त्यानं हळूच सांगितलं की तारा उलट लागल्यात. मघाशी उपटून खोचताना डावीची उजवीला गेली आणि उजवीची डावीला. आत्या ऐकत होती तेव्हा बरोबर होत्या.

बाबांनी लाल झेंडी गुंडाळली. घडी नीट बसवली.

‘डब्यावर ही गाडी उलटी येऊ शकते?’ त्यांनी विचारलं.

‘नाही,’ दादा म्हणाला. ‘डब्यात ती जातच नाही कुठं. तुम्हीच म्हणालात मघाशी.’

‘हं,’ बाबा म्हणाले. ‘तारा नीट लाव आणि परत लाव गाडी.’

दादानं तारा बदलल्या. शिट्टी झाली. या वेळी बाबांची मान कपाटाकडून निघाली आणि सावकाश, डबे मोजल्यासारखी, स्वयंपाकघराकडे गेली. हिरवी झेंडी सबंध वेळ वर होती. गाडी संपल्यावरही त्यांनी ती जरा वेळ धरून ठेवली, शेवटच्या डब्यातल्या माणसासाठी.

‘फरक आहे,’ ते म्हणाले. ‘उद्या दुकान उघड. पण तारांवर डावी-उजवी लिहून ठेव. आणि असा घाबरून उपटत जाऊ नकोस.’

मी आणि आत्यानं अंतरपाट खाली घेतला. अंतरपाट खाली आला की हातातलं समोरच्यावर टाकायचं, ही आत्याची पन्नास लग्नांची सवय. दुसऱ्या हातात सोललेले मटार होते. ते दादावर आणि बाबांवर पडले, काही कमळात गेले. आईनं ते वेचून भातात घातले.

आता दुपारी बाबा दुकानात जाऊन बसतात. गिऱ्हाईक आलं की दादा आधी डब्यावर मालगाडी लावतो, मग जोडीवर, आणि बाबा हातानं दाखवतात की ती कुठून कुठं गेली. मोठकडची माणसं ही आपल्याकडची गाडी हे कळून खूश होतात. एकदा अडचण आली. रेल्वे कॉलनीतलं एक मराठी जोडपं आलं आणि सबंध मालगाडीभर नुसतं उभं राहिलं. मग नवरा म्हणाला, चालू करा ना. तेव्हापासून रेल्वेच्या लोकांना दादा तोफा ऐकवतो, त्या टिपायला आम्ही मुद्दाम आत्याच्या गच्चीवर गेलो होतो. बबीनाच्या लोकांना गाडी. हे उलटं होऊ नये म्हणून बाबा गिऱ्हाईक आत शिरताना आधी विचारून घेतात, कुठले.

जोड्या जाऊ लागल्या आहेत. फार नाही, पण शेल्फवर आता जागा दिसते.

यमुनाआत्यानं, जिनं मालगाडीच्या फेरीत सगळ्यांआधी फरक ऐकला, जाताना डबा विकत घेतला. दादानं तिला जोडीबद्दल पुन्हा समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की जोडी छानच आहे, पण ती कडीला धरून मोरीत नेता येत नाही. आणि दिवे पण आहेत.

ती मालगाडी मी मात्र अजून ऐकलेली नाही. दुकानात गेले की दादा लावतो म्हणतो, आणि मग म्हणतो, लावून झाली. फार चांगली आहे म्हणतात. मी बाबांकडे झेंडी मागितली, तर त्यांनी दिली नाही. ड्युटीवर नसलेल्याच्या हातात ती देता येत नाही म्हणे. आईला मी हिरवं कापड आणायला सांगितलं आहे.